हळदीचा नसलेला डाग

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टरताई,

मी 39 वर्षांची, इंदूरला राजेंद्रनगरात राहते. मुलगी 10 वर्षांची आहे, तिचं अंगावरचं दूध सुटून आठ वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी अंघोळ करताना छाती दाबली गेली, तर बोंडातून दुधासारखं पाणी आलं. दोन्हीकडून येतं. आपोआप येत नाही, कपड्यालाही लागत नाही, पण दाबलं की येतं. तेव्हापासून रोज रात्री दाबून बघते, थांबलं का म्हणून. थांबत नाही. पाळीही पुढे जाते, 40-45 दिवसांनी येते. गाठ हाताला लागत नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, कॅन्सरची सुरुवात अशीच होते. तेव्हापासून झोप उडालीये. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. ॲसिडिटीची एक कॅप्सूल पाच महिन्यांपासून घेते, ती सोडून मला कुठलंच औषध नाही. काय करू?

ता. क. सासूबाई 66 वर्षांच्या आहेत. त्यांच्या ब्लाउजला आतून उजव्या बाजूला गंजासारखा डाग असतो, दर धुण्यात दिसतो. त्या म्हणतात हळदीचा आहे. वयामानानं असं होतं का?

— नाव छापू नये

उत्तर

दोन पानांचं पत्र तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंत आणि सासूबाईंना तीन ओळींत उरकलंत. मी उलट करणार आहे. तुमच्याबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे आणि ते बहुतेक सगळं दिलासा देणारं आहे, पण ते दहा मिनिटं थांबू शकतं. ता. क. थांबू शकत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं तुमच्या घरात चाललंय.

आधी हळदीचं बघू. हळदीचे डाग मी जन्मभर धुतलेत. साबण लागला की हळद लाल होते आणि उन्हात वाळत घातलं की दुपारपर्यंत फिकी पडते. शिवाय फोडणी घालताना हळद लागते ती पदराला, फार तर बाहीला. ब्लाउजच्या आतून, एकाच बाजूला, बरोबर बोंडाच्या जागी, दर धुण्यात? अशी हळद मी पाहिलेली नाही. गंजाचा रंग म्हणजे बहुधा जुनं, वाळलेलं रक्त. ताजं असतं तेव्हा लाल दिसतं, कापडावर सुकलं की तपकिरी होतं.

छातीतून पाणी येतं असं सांगत बाई आली की आम्ही पहिल्यांदा चार साध्या गोष्टी विचारतो. आपोआप येतं की दाबल्यावर? एका बाजूनं की दोन्ही? बोंडावरच्या एकाच छिद्रातून की अनेक? आणि रंग कसा? मग वय. बोंड म्हणजे झारीचं तोंड समजा. दूध आणणाऱ्या बऱ्याच नळ्या तिथे वेगवेगळ्या छिद्रांनी उघडतात. दोन्ही बाजूंच्या अनेक छिद्रांतून पाणी येत असेल, तर कारण सहसा स्तनाच्या बाहेर असतं: रक्तातले हार्मोन, एखादं औषध, थायरॉइड. एकाच बाजूच्या एकाच छिद्रातून आपोआप येत असेल, तर त्या एका नळीच्या आत काहीतरी आहे असं धरून चालायचं. त्यात रंग रक्ताचा किंवा अगदी पाण्यासारखा स्वच्छ असेल, तर तपास केल्याशिवाय सोडायचं नाही. स्वच्छ पाण्याला बायका घाबरत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सासूबाईंचं पाणी आपोआप येतंय, नाहीतर कपड्याला लागलं नसतं. एकाच बाजूला आहे. रंग रक्ताचा दिसतोय. पाळी जाऊन वर्षं झाली असतील. छिद्र एक की अनेक, ते घरी कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. 'वयामानानं असं होतं का' या प्रश्नाचं उत्तर: वयामानानं अंगाच्या पुष्कळ गोष्टी कोरड्या होतात. पाळी गेलेल्या बाईच्या एका बोंडातून नव्यानं रक्त येणं हे वयाच्या खात्यात टाकता येत नाही.

आता घाबरून त्यांच्यासमोर रडू नका, कारण एवढं सगळं जमून आलं तरी निदान कॅन्सरचंच असतं असं नाही. अशा आपोआप येणाऱ्या रक्ताळ पाण्याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे पॅपिलोमा. नळीच्या आतल्या भिंतीवर चामखिळीसारखी एक छोटी वाढ होते, तिला धक्का लागला की ती रक्ताळते. ती साधी असते. दुसरं कारण म्हणजे पाळी जायच्या आसपास नळ्या रुंद होतात आणि त्यात घट्ट, चिकट, बरेचदा हिरवट काळं पाणी साचतं. ते बोंडावर काळं दिसतं म्हणून बाई हादरते. पांढऱ्या कापसावर टिपलं की खरा रंग दिसतो, हिरवा की तांबूस. तुमच्या सासूबाईंच्या ब्लाउजचं अस्तर पांढरं असेल, तर ही तपासणी धुण्याच्या बादलीत आधीच झालेली आहे. आणि तिसरं कारण कॅन्सर. असं संशयास्पद पाणी येणाऱ्या शंभर बायकांत साधारण पाच ते पंधरा जणींमध्ये तो सापडतो, वय वाढेल तसं प्रमाण वाढतं, सोबत गाठ असेल तर आणखी वाढतं. म्हणजे बहुतेक जणी सुटतात. पण आपल्या घरातली बाई त्या बहुतेकींपैकी आहे की नाही, हे डागाकडे बघून सांगणारा डॉक्टर मला तरी भेटलेला नाही.

घाई किती करायची? याच आठवड्यात दाखवा. रात्री दोनला रिक्षा काढायची गरज नाही, पण 'श्राद्ध झालं की, नवरात्र झालं की' हेही नको.

कठीण भाग पुढे आहे. त्यांना न्यायचं कसं? दर धुण्यात डाग दिसतो आणि त्या हळद म्हणतात, याचा अर्थ त्यांना ठाऊक आहे. जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईला हळद ओळखता येत नाही, हे मला पटत नाही. त्यांनी तो डाग झाकायला आतून रुमालाची घडीही ठेवायला सुरुवात केली असेल. मी अशा किती घड्या पाहिल्यात. तपासणीच्या खोलीत ब्लाउजचे हूक काढताना ती घडी पटकन मुठीत लपवली जाते. म्हणून 'आई, तुम्हाला काहीतरी झालंय, डॉक्टरकडे चला' असं चारचौघांत म्हणालात, तर हळदच पुन्हा ऐकाल. तुमच्याकडे मात्र एक आयती, खरी सबब आहे. 'आई, मला छातीचा त्रास होतोय, दाखवायला जायचंय, एकटीला भीती वाटते, सोबत चला.' सासू नाही म्हणणार नाही. मग दुपारी दोघीच असताना स्वतःचं सगळं सांगा, दाबून बघता तेही सांगा, आणि मग म्हणा, 'तुमचाही डाग दाखवू या, एका फेरीत दोघींचं होईल.' फसवून नेऊ नका. दवाखान्यात गेल्यावर कळलं, तर पुढच्या तपासणीला त्या येणार नाहीत, आणि तपासण्या एका फेरीत संपत नसतात.

त्यांना सर्जनकडे न्यायचं. ब्रेस्टचं काम करणारा सर्जन मिळाला तर उत्तम, नाहीतर जनरल सर्जनही चालेल. खासगीचा खर्च झेपत नसेल, तर एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. रांग आहे, गर्दी आहे, पाण्याची बाटली न्या. डॉक्टर पुरुष असतील तर तपासताना सिस्टर किंवा तुम्ही आत हव्यात, तसं स्पष्ट सांगायचं, त्यात संकोच नको. डॉक्टर घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरत बोंडाभोवती एकेका जागी हलकं दाबतील. कुठे दाबल्यावर थेंब येतो आणि तो कुठल्या छिद्रातून, हे त्यांना बघायचं असतं. म्हणून जायच्या आधी घरी दाबून सगळं रिकामं करू नका. काखेतही हात घालून गाठी बघतील.

मग मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, आणि सोनोग्राफी. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबतात. दुखतं, पण तेवढ्यापुरतंच. उपाशी जायचं नसतं, तेव्हा सकाळचे पोहे खाऊनच निघा. एक मात्र बजावून ठेवा: त्या दिवशी काखेत, छातीवर टाल्कम पावडर नको, डिओ नको. पावडरचे कण फोटोत चुन्याच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसतात आणि उगाच गोंधळ होतो. आमच्या पिढीतल्या बायकांना पावडरीशिवाय घराबाहेर पडणं जमत नाही, मला माहीत आहे. एक दिवस जमवा म्हणावं.

इथे बऱ्याच जणी घसरतात ती जागा सांगते. मॅमोग्राफीचा रिपोर्ट चांगला आला की घरचे पेढे वाटतात आणि फाइल कपाटात जाते. नळीच्या आतली बारीक वाढ मॅमोग्राफीत दिसेलच असं नाही. पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासतात, त्यात काही सापडलं नाही तरी 'काही नाही' असं ठरत नाही. रिपोर्ट स्वच्छ असूनही रक्ताळ पाणी येतच राहिलं, तर सर्जन एमआरआय सांगतील किंवा ती एक नळी काढून तपासायला पाठवू म्हणतील. ऑपरेशन छोटं असतं. पॅपिलोमा निघाला तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. 'रिपोर्ट तर चांगला आहे मग कापता कशाला' असं यजमानांनी विचारलं, तर हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता तुमच्याकडे येते.

तुमचं पाणी दोन्हीकडून, दुधासारखं, दाबल्यावरच, गाठ नाही. ही वर्णनं वाचताना माझं लक्ष तिकडे नव्हतंच, ते होतं तुमच्या 'सोडून' या शब्दावर. 'ॲसिडिटीची एक कॅप्सूल सोडून मला कुठलंच औषध नाही.' घरातून ती स्ट्रिप आणा आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. मुलीला वाचायला सांगा, तिचे डोळे चांगले असतील. पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल हे नाव असेल, ते आम्लाचं औषध, त्याला मी दोष देत नाही. त्याच्या शेजारी अधिक चिन्ह करून डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड लिहिलंय का, ते बघा. असेल तर तुमच्या दोन महिन्यांच्या जागरणाचं कारण बहुधा त्या स्ट्रिपमध्ये आहे.

होतं असं: मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती प्रोलॅक्टिन सोडते आणि प्रोलॅक्टिन दूध तयार करतं. एरवी दूध येत नाही, कारण डोपामिन नावाचं रसायन प्रोलॅक्टिनचा लगाम धरून असतं. ही दोन्ही औषधं डोपामिनचं काम अडवतात. पोट लवकर रिकामं व्हावं, मळमळ थांबावी म्हणून ती देतात, पण तिकडे लगाम सुटतो. प्रोलॅक्टिन वाढतं, दूध उतरतं, पाळी लांबते. तुमची दोन्ही लक्षणं एकाच दोरीला बांधलेली आहेत. अंगावर दूध कमी असलेल्या बाळंतिणीला दूध वाढावं म्हणून डॉमपेरिडोन कधी कधी मुद्दाम देतात, एवढं सांगितलं की पुरे. उलटीचं मेटोक्लोप्रमाइड आणि मानसिक आजारावरची रिस्पेरिडोनसारखी काही औषधंही हेच करतात. ती घेणाऱ्या वाचकांनी मात्र हे वाचून गोळी परस्पर बंद करायची नाही, आपल्या डॉक्टरांना सांगायचं, ते बदलून देतात.

तुमची कॅप्सूल मला वाटतं कोणीतरी दहा-पंधरा दिवसांसाठी लिहून दिली असेल आणि पुढे मेडिकलवाल्या भैयाला रिकामी स्ट्रिप दाखवली की नवी मिळत गेली. बरोबर ना? लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, जे होतंय ते सांगा, आणि ती बंद करून नुसतं आम्लाचं औषध पुरेल का ते विचारा. घरातला गोळ्यांचा डबा एकच असेल आणि सासूबाईही त्यातलीच कॅप्सूल घेत असतील तर तेही सांगा. लेव्होसल्पिराइडनं म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरायला लागलेले मी पाहिलेत.

पाळी 45 दिवसांवर गेलीये म्हणून सगळ्यात आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करा. हसू नका, 39 व्या वर्षी ती पहिलीच तपासणी असते. मग रक्ताच्या दोन: थायरॉइडसाठी टीएसएच आणि दुसरी प्रोलॅक्टिन. थायरॉइड मंद असला तरी दूध उतरतं आणि त्याची गोळी सुरू झाली की थांबतं. प्रोलॅक्टिनच्या रक्ताला थोडा नखरा आहे. उठल्या उठल्या द्यायचं नाही, उठून तीनेक तास झालेले असावेत. जिने चढत धापा टाकत जाऊन लगेच हात पुढे करायचा नाही. त्या दिवशी आणि आदल्या रात्री छाती दाबायची नाही. कॅप्सूल डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद केली असेल, तर निदान तीन दिवस मध्ये जाऊ द्या. आकडा साधारण 25 एनजी/एमएलच्या आत असतो. थोडा वर आला तर घाबरायचं कारण नाही, सुई टोचायच्या भीतीनंही तो चढतो, पुन्हा बघतात. औषध नसतानाही बराच वर राहिला, तर पिट्युटरीचा एमआरआय करतात. तिथे छोटी गाठ सापडली तरी ती बहुधा साधी असते आणि बहुतेकींना आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या गोळ्यांनी काम होतं. डोकं सतत दुखत असेल किंवा चालताना दोन्ही कडांचं दिसेनासं झालं असेल, दाराची चौकट खांद्याला लागत असेल, तर मात्र या सगळ्या क्रमाची वाट न बघता लगेच जा.

आणि ते रात्रीचं दाबणं आजपासून बंद. बोंड रोज दाबलं की शरीर समजतं, बाळ पितंय. ते आणखी प्रोलॅक्टिन सोडतं. तुम्ही थांबलं का बघता बघता रोज रात्री त्याला चालू ठेवताय. कॅप्सूल सुटल्यावरही पाणी पूर्ण आटायला काही आठवडे लागतील, तेवढे हात आवरा. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, आरशासमोर उभं राहून बघा, सपाट बोटांनी चाचपा, बास. पाणी कपड्याला आपोआप लागू लागलं, एकाच बाजूनं येऊ लागलं, रंग बदलला किंवा गाठ लागली, तर तुमचंही उत्तर बदलेल आणि तुम्हीही सर्जनच्या रांगेत.

दाबण्यावरून आठवलं. आपल्याकडे नवजात बाळाच्या छातीतून दुधाचा थेंब आला की मालिशवाली बाई ते पिळून काढते, मुलगी असली तर जरा जास्तच उत्साहानं. आईचे हार्मोन बाळात उतरलेले असतात म्हणून येतं ते, काही आठवड्यांत आपलं आपण जातं. पिळल्यानं पू होतो. राजेंद्रनगरात कोणाकडे बारसं असेल तर ही बातमी पोचवा, वहिनींच्या बातमीपेक्षा उपयोगाची आहे.

वहिनींचं म्हणाल, तर त्या पूर्ण चुकलेल्या नाहीत. त्यांनी बाई चुकीची निवडली. आणि एक प्रकार त्यांनीही ऐकलेला नसेल. बरीच वर्षं झाली, एक बाई माझ्याकडे आल्या. एका बोंडावर खाज, खपली, अधूनमधून चिकट पाणी. कुठेतरी इसब म्हणून मलम मिळालं होतं. त्यांनी पिशवीतून चार रिकाम्या ट्यूबा काढून टेबलावर ठेवल्या, शेपटाकडून नीट गुंडाळत आणलेल्या, शेवटचा थेंबसुद्धा वाया न घालवता. आठ महिने. ते इसब नव्हतं, बोंडावर उतरलेला कॅन्सर होता. एकाच बोंडावरची खपली मलमानं दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर पाचवी ट्यूब आणू नका, त्या जागेचा तुकडा काढून तपासायला सांगा. आणि पुरुषांनो, तुम्ही हे पान चोरून वाचता ते मला ठाऊक आहे: तुमच्या बोंडातून काहीही आलं, तरी थेट सर्जनकडे.

यजमानांना आज रात्री सांगा. आईच्या तपासणीला पैसे आणि गाडी लागणार आहे, आणि दोन महिने बायको का जागी आहे हे त्यांना कळायला हवं.

जाताना पिशवीत काय न्यायचं, ते लिहून ठेवा. कॅप्सूलची स्ट्रिप, रिकामी असली तरी. मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा. घरातल्या दोघींना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, बीपीच्या, साखरेच्या, ज्या असतील त्या. सासूबाईंच्या माहेरी कोणाला छातीचा आजार झाला होता का, ते त्यांना विचारून. आणि या खेपेला त्यांचा ब्लाउज धुण्यात टाकू नका. तसाच, डागासकट, स्वच्छ पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.